रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दोष कुणाचा?

(युवा शिबिरात दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'शुक्राणूच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर, फलन आणि वंध्यत्व' असा छापलाय. तो वाचून मागच्या रांगेत थोडी हसाहस झाली, ती मला ऐकू आली. हसा, पण उठून जाऊ नका. मुलगे आणि मुली एकाच खोलीत बसून हा विषय ऐकताहेत, हे आपल्याकडे रोज घडत नाही. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधं सांगणार नाही. पेशींच्या पातळीवर काय घडतं आणि त्याचा आपल्या घरांशी काय संबंध आहे, तेवढंच सांगणार आहे.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्या मोहल्ल्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आधी सुनेला दवाखान्यात नेतात. रक्त तपासतात, सोनोग्राफी होते, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे बघायला औषध सोडून एक्स-रे काढतात. हा एक्स-रे दुखतो, ज्यांनी काढून घेतलाय त्यांना विचारा. मधल्या काळात तावीज, दर्गा, कुणीतरी सांगितलेला हकीम. हे सगळं झाल्यावर कधीतरी नवऱ्याची तपासणी होते. पुष्कळ घरांत तीही होत नाही. आणि झालीच, तर कागदावर 'नॉर्मल' असा शब्द येतो. तो शब्द घरात निकालासारखा वाचला जातो. पोरगा सुटला. आता उरलं कोण? तिथून दुसऱ्या निकाहच्या गोष्टी सुरू होतात, माहेरी पाठवणं सुरू होतं, कधी तलाकपर्यंत जातं. हे फक्त मुसलमानांत होतं असं कुणी म्हणू नये. 'वांझ' हा शब्द सगळ्या मराठी समाजाने मिळून वापरलाय, आणि पुरुषाकडे बोट दाखवून तो सहसा कुणी उच्चारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या 'नॉर्मल' शब्दात आपण समजतो तेवढा अर्थ नाही. का नाही, ते बघायला आपल्याला दोन पेशी जिथे भेटतात तिथपर्यंत जावं लागेल.

आधी तो कागद बघू. वीर्यतपासणीत मुख्यतः तीन गोष्टी बघतात : शुक्राणू किती आहेत, त्यातले किती हलतात आणि किती जणांचा आकार नीट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, ४२ टक्के हालचाल आणि ४ टक्के योग्य आकार, या खालच्या मर्यादा. हे आकडे आले कुठून? ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने गोळा केले आणि त्यांच्यातल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांजवळ रेघ मारली. म्हणजे रेघेच्या खाली असलेला माणूसही बाप झालेला आहे. आणि रेघेच्या वर असलेला होईलच, असं ती रेघ कुठेच म्हणत नाही. ही मोजदाद आहे. शंभर माणसं दाराशी आली, त्यातली पन्नास धडधाकट चालत आली, एवढं तिच्यातून कळतं. दाराची चावी कुणाकडे आहे, ते कळत नाही.

चावी म्हणजे काय? 'रिसेप्टर' हा शब्द तुम्ही कोविडच्या काळात ऐकलाय. विषाणूवरचं काटेरी प्रथिन आपल्या पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि आत शिरतं, हे टीव्हीवर रोज दाखवत होते. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर अशी हजारो प्रथिनं असतात. त्यांच्यामुळे पेशीला बाहेरचा निरोप कळतो, किंवा दुसरी पेशी धरता येते. शुक्राणूही पेशीच आहे. लांबी मिलिमीटरच्या साधारण विसाव्या भागाएवढी, पण तिच्या पडद्यावरही अशी प्रथिनं आहेत. एक निरोप घेतं, एक वाट ओळखतं, एक शेवटची गाठ बांधतं.

आता प्रवास बघा. वीर्यात कोट्यवधी शुक्राणू असतात, बीजांडाच्या आसपास पोहोचतात काही शे. आणि गंमत अशी की शरीराबाहेर आला त्या क्षणी शुक्राणू फलनाच्या लायकीचा नसतोच. १९५१ साली ऑस्ट्रेलियात ऑस्टिन आणि अमेरिकेत चँग, अशा दोघांनी वेगवेगळं काम करून हे दाखवलं. स्त्रीच्या शरीरात काही तास काढल्यावर त्याच्या पडद्यावरचं कोलेस्टेरॉल कमी होतं, काही प्रथिनं गळतात, काही जागा बदलतात आणि मग तो तयार होतो. पुरुषाचं बीज 'पेरलं' आणि जमीन 'घेते', ही जी शेताची उपमा आपल्याकडे सगळे धर्म आणि सगळे शेतकरी वापरतात, ती इथेच मोडते. ज्याला आपण पेरणारा म्हणतो त्याचं बियाणं स्त्रीच्या देहातच तयार होतं.

पुढे बीजांडाभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडत असतात. ते शुक्राणूच्या शेपटीवर पोहोचलं, की तिथली 'कॅटस्पर' नावाची कॅल्शियमची वाट उघडते. कॅल्शियम आत शिरतं आणि शेपटीची हालचालच बदलते. आधी संथ वळवळणारी शेपटी चाबकासारखी फटके मारू लागते. बीजांडाभोवती जाड, चिकट आवरण आहे. असे फटके मारल्याशिवाय ते भेदता येत नाही. प्रोजेस्टेरॉनमुळे माणसाच्या शुक्राणूत ही वाट उघडते हे २०११ साली दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं, आणि तो निरोप घेणारं एबीएचडी-२ हे प्रथिन २०१६ मध्ये सापडलं.

आवरण ओलांडलं की शेवटची पायरी : दोन पेशींचे पडदे एकमेकांत मिसळणं. पन्नास वर्षं शास्त्रज्ञ इथे अडखळत होते. अमुक प्रथिन अत्यावश्यक आहे असं कुणीतरी जाहीर करायचं आणि ते प्रथिन नसलेले उंदीर जन्माला घातले, की ते खुशाल पिल्लं देत फिरायचे. अ‍ॅक्रोसिन नावाचं द्रव्य आवरण विरघळवतं आणि त्याशिवाय फलन होत नाही, असं पाठ्यपुस्तकांत छापलेलं होतं. १९९४ मध्ये जपानात अ‍ॅक्रोसिन नसलेले नर उंदीर तयार केले. ते बाप झाले. पाठ्यपुस्तकात छापलंय म्हणून खरं मानायचं नसतं, हे मी वर्गातही सांगते. परीक्षेत मात्र छापलंय तेच लिहा, असंही सांगावं लागतं.

२००५ साली ओसाका विद्यापीठात इनोऊ, ओकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खरी चावी सापडली. तिला त्यांनी 'इझुमो' नाव दिलं. इझुमो हे जपानमधलं प्राचीन देवस्थान, लग्नगाठी जुळवण्यासाठी लोक तिथे जातात. हे प्रथिन शुक्राणूच्या डोक्यावरच्या टोपीखाली लपलेलं असतं. टोपी फुटली की पृष्ठभागावर येतं. इझुमो नसलेले नर उंदीर त्यांनी तयार केले. ते धडधाकट होते. मादीशी त्यांचा संबंध नीट होत होता. शुक्राणूंची संख्या ठीक, पोहणं ठीक, आकार ठीक. शुक्राणू बीजांडाचं आवरणही भेदून आत गेले. आणि तिथेच थांबले. आवरण आणि बीजांड यांच्या मधल्या फटीत शुक्राणू फिरताहेत, पण एकही मिसळत नाही. एकही पिल्लू झालं नाही.

थोडं थांबून विचार करा. या उंदराला आपल्या गल्लीतल्या लॅबमध्ये पाठवलं असतं, तर रिपोर्ट काय आला असता? नॉर्मल. आणि सासू म्हणाली असती, पोरात काही खोट नाही.

त्याच प्रयोगात पुढे त्यांनी तेच शुक्राणू बारीक सुईने थेट बीजांडाच्या आत टोचले. फलन झालं, निरोगी पिल्लं जन्मली. म्हणजे आतला ऐवज उत्तम होता. पृष्ठभागावरचं एक प्रथिन नव्हतं, बस्स.

चावी मिळाली, कुलूप कुठे? ते सापडायला आणखी नऊ वर्षं गेली, कारण या दोघांची पकड फार कमकुवत असते, धरतात आणि लगेच सुटतात. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये एन्रिका बियांकी आणि गॅव्हिन राइट यांच्या गटाने अनेक इझुमो एकत्र बांधून गळ बनवला आणि बीजांडावरचं जोडीदार प्रथिन पकडलं. त्याला नाव दिलं 'जुनो', विवाहाची रोमन देवी. ज्या माद्यांत जुनो नाही त्याही पूर्ण वंध्य. पहिला शुक्राणू आत गेला, की अर्ध्या-पाऊण तासात बीजांड आपल्या पृष्ठभागावरचं जुनो टाकून देतं, म्हणजे दुसऱ्याला दार नाही.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७६ साली यानागिमाची यांना दिसलं की हॅमस्टरच्या बीजांडाचं आवरण काढलं, तर माणसाचा शुक्राणू त्यात मिसळतो. त्यातून पुढे काही वाढत नाही, घाबरू नका. पण पुढे कितीतरी वर्षं वंध्यत्वाच्या दवाखान्यांत पुरुषांची तपासणी या हॅमस्टरच्या बीजांडावर होत होती. असं का होतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. हॅमस्टरचं जुनो माणसाच्या इझुमोला धरतं, हे २०१५ मध्ये कळलं.

गोष्ट इथे संपलेली नाही. इझुमो एकटं पुरत नाही, त्याच्याबरोबर शुक्राणूवर आणखी बरीच प्रथिनं लागतात. २०२४ मध्ये व्हिएन्नाच्या गटाने अल्फाफोल्ड या संगणकीय पद्धतीने भाकीत करून त्यातलं टीएमईएम-८१ शोधलं आणि ते नसलेले मासे आणि उंदीर वंध्य निघतात हे प्रयोगाने दाखवलं. यादी वाढतेच आहे. तुमच्यापैकी कुणाला संशोधनात जायचं असेल तर जागा आहे. परळला याच विषयावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि तिच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईचं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणलं होतं.

उंदरांचं झालं. माणसांचं काय? इझुमोचा दोष माणसांत क्वचितच आढळतो. कॅटस्परचं तसं नाही, आणि इथे मला तुमच्याशी थोडं नाजूक बोलायचंय.

२००९ मध्ये कॅटस्परच्या जनुकातला दोष आणि पुरुषाचं वंध्यत्व यांचा संबंध इराणमधल्या दोन कुटुंबांत दाखवला गेला. दोन्ही कुटुंबांत नात्यातली लग्नं होती. हा दोष दिसायला आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही प्रती बिघडलेल्या याव्या लागतात. चुलत-मावस भावंडांचा निकाह पिढ्यान्‌पिढ्या होत असेल, तर एकच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. वाढते, म्हणजे प्रत्येक घरात तसं होतंच असं नाही. आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रात हिंदूंमध्येही आहे, तेव्हा ही गोष्ट एकट्या आपल्या माथी मारायची नाही आणि आपण झाकायचीही नाही.

कॅटस्परच्या एका जनुकाला लागून, पंधराव्या गुणसूत्रावर, ऐकण्यासाठी लागणारं एक जनुक बसलेलं आहे. काही कुटुंबांत तो सगळा तुकडाच गळालेला असतो. दोन्ही प्रती गळालेल्या असतील, तर भाऊ आणि बहीण दोघांनाही कमी ऐकू येतं. पण बहिणीला मुलं होतात, भावाला होत नाहीत, कारण कॅटस्पर फक्त शुक्राणूत लागतं. एखाद्या खानदानात कमी ऐकू येणारे पुरुष आहेत आणि त्यांना मूल नाही, असं दिसलं तर डॉक्टरांना हे दोन्ही एकत्र सांगा. कानाच्या डॉक्टरला कानाचं आणि बाईच्या डॉक्टरला बाईचं सांगितलं, तर हा धागा कुणालाच सापडणार नाही. तिथे बायको तर नात्यातलीच असते, तिचीही एक प्रत तशीच असू शकते. म्हणून उपचाराआधी जनुकीय सल्ला घेतलेला बरा.

२०२४ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी दोन हजारांहून अधिक पुरुषांचे नमुने कॅटस्परसाठी तपासले. त्यासाठी त्यांनी शुक्राणूंच्या हालचालीवर आधारलेली साधी चाचणी तयार केली. ज्यांची ही वाट बंद होती त्यांच्यात असेही पुरुष होते ज्यांचा नेहमीचा रिपोर्ट नॉर्मल होता. या पुरुषांच्या बाबतीत नैसर्गिक गर्भधारणा होत नाही. शुक्राणू गर्भाशयात सोडण्याचा उपाय, ज्याला दवाखान्यात आययूआय म्हणतात, तोही लागू पडत नाही. काचेच्या बशीत बीजांडाजवळ शुक्राणू ठेवण्याचा साधा आयव्हीएफही फसतो, कारण बशीतसुद्धा दार शुक्राणूलाच उघडायचं असतं. लागू पडतं ते इक्सी, म्हणजे मघाशी उंदरांच्या प्रयोगात केलं तसं सुईने टोचणं. माणसांत ते १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा यशस्वी केल्याचं जाहीर केलं.

आता हिशेब करा. तपासायचा होता पुरुषाचा शुक्राणू. तो तपासला नाही. त्याऐवजी आययूआयच्या एकामागून एक फेऱ्या झाल्या, मग आयव्हीएफ. प्रत्येक फेरीत इंजेक्शनं कुणाच्या पोटात? बीजांड काढायला भूल कुणाला? प्रत्येक वेळी पाळी आली की घरात तोंड लपवून रडलं कोण? आणि अखेर फाइलवर लिहिलं जातं : 'कारण अज्ञात'. डॉक्टरांच्या दृष्टीने तो प्रामाणिक शब्द आहे. आमच्याकडच्या चाचण्यांत कारण दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरी येईपर्यंत त्या रिकाम्या जागेत सुनेचं नाव लिहिलेलं असतं.

'पण हे सुईने टोचणं आपल्यात चालतं का?' हा प्रश्न चिठ्ठीवर येणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच बोलते. मी आलिमा नाही. पण पहिलं टेस्ट ट्यूब बाळ इंग्लंडमध्ये १९७८ च्या जुलैत जन्मलं आणि १९८० च्या मार्चमध्ये इजिप्तमधून फतवा आला की बीज नवऱ्याचं आणि बीजांड त्याच्याच बायकोचं असेल तर हा उपचार करायला हरकत नाही. दोन वर्षंही लागली नाहीत. धर्मशास्त्राने जे मान्य केलं ते आपल्या दिवाणखान्यात अजून अडलेलं असेल, तर अडवणारा धर्म नाही, दुसरंच काहीतरी आहे.

मुलांनो, आता तुमच्याशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं, आणि साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. वीर्यतपासणी स्वस्त आहे, दुखत नाही, आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा असतो, बाकी काही तयारी नाही. बायकोचा पहिला एक्स-रे काढण्याआधी ती झाली पाहिजे. आकडे कमी आले तर पुन्हा एकदा करायची, एका नमुन्यावर निकाल लावत नाहीत. नॉर्मल आली आणि तरी वर्षभरात काही झालं नाही, तर डॉक्टरांना थेट विचारा : 'शुक्राणूंचं काम नीट होतं का, हे तपासायला आणखी काय करता येईल?' त्यांच्याकडे प्रत्येक चाचणी असेलच असं नाही. पण तुम्ही विचारलंत, की तपासणी दोघांची चालू राहते.

आणि जिमला जाणाऱ्यांनो, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दंड फुगवतात आणि शुक्राणू तयार होणं बंद पाडतात. बाहेरून संप्रेरक मिळालं की मेंदू वृषणाला निरोप पाठवणं थांबवतो. मर्दानगीच्या नावाने विकलं जाणारं औषध नेमकं हे करतं. चावीचं राहू द्या, दाराशी येणारंच कुणी उरत नाही.

शेवटचा मुद्दा. ही चावी मूल होण्यासाठी जशी शोधताहेत, तशी मूल न होण्यासाठीही शोधताहेत. कॅटस्परची वाट तात्पुरती बंद करता आली किंवा इझुमो-जुनोची पकड अडवता आली, तर संप्रेरकांना हात न लावता गर्भनिरोधक बनवता येईल, आणि ते पुरुषाला घेता येईल. आपल्या देशात काय चाललंय ते २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे : स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी जोखमीची असताना हे आकडे आहेत. उद्या गोळी आली तरी ती कोण घेईल, हे प्रयोगशाळेत ठरणार नाही.

चिठ्ठ्यांचा डबा आता फिरवायला देते. नाव लिहू नका. मुलींचा डबा वेगळा ठेवलाय, आणि ज्यांना सगळ्यांसमोर उत्तर नको असेल त्यांनी चिठ्ठीवर फुली करा. त्या मी जेवणानंतर मागच्या खोलीत घेईन.